महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल : मंत्रिपद ते निर्वासितांची छावणी

मलकापूर, नांदुरा, शेगाव या आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील स्टेशनांवरून दरवर्षी असंख्य बांधव दीक्षाभूमीच्या दर्शनासाठी नागपूरची गाडी धरतात. तोच लोहमार्ग नागपूरहून पुढे थेट हावड्याला, म्हणजे कलकत्त्याला जातो. त्या टोकाच्या बंगालमध्ये एक पुरुष होऊन गेला, ज्याचे आपल्या समाजावर मोठे ऋण आहे. त्यांचे नाव जोगेंद्रनाथ मंडल. आपल्यापैकी किती जणांना त्यांचे चरित्र ठाऊक आहे?

जोगेंद्रनाथांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी पूर्व बंगालच्या बारिसाल भागातील मैस्तरकांदी या खेड्यात, एका गरीब नामशूद्र शेतकरी कुटुंबात झाला. नामशूद्र म्हणजे नद्यांच्या आणि दलदलीच्या मुलखात भात पिकवणारा, होड्या वल्हवणारा कष्टकरी समाज. सवर्ण त्यांना चांडाळ म्हणत. हे नाव सरकारी दप्तरातून पुसून टाकण्यासाठी या समाजाला दीर्घकाळ झगडावे लागले. १९११ च्या जनगणनेत नामशूद्र हे नाव मान्य झाले. अशा समाजातला हा मुलगा हालअपेष्टा सोसून पदवीधर झाला आणि पुढे वकील झाला. १९३७ साली त्यांनी राखीव नव्हे, तर सर्वसाधारण जागेवरून एका प्रतिष्ठित सवर्ण उमेदवाराचा पराभव केला आणि बंगालच्या कायदेमंडळात प्रवेश मिळवला.

१९४३ साली ते बंगालचे मंत्री झाले. त्याच सुमारास त्यांनी परमपूज्य बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची बंगाल शाखा उभी केली. १९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा सर्वत्र दारुण पराभव झाला. घटना समितीत बाबासाहेबांना पाठविण्याएवढे बळ मुंबई कायदेमंडळात फेडरेशनजवळ उरले नाही. दारे बंद झाली होती. त्या वेळी बंगालमध्ये फेडरेशनचे एकटे निवडून आलेले जोगेंद्रनाथ पुढे सरसावले. त्यांनी इतर अस्पृश्य आमदारांची मते जमवली आणि जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले. फाळणीने ती जागा गेली आणि १९४७ साली बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडले गेले, हे खरे. परंतु पहिले दार उघडले ते या नामशूद्र कार्यकर्त्याने.

पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पूर्व बंगालमधील मुसलमान शेतकरी आणि नामशूद्र शेतकरी यांचे दुःख एकच आहे, दोघांनाही सवर्ण जमीनदार व सावकार पिळतात, म्हणून दोघे एकत्र सुखाने नांदतील, असा जोगेंद्रनाथांचा विश्वास होता. त्या विश्वासाने ते पाकिस्तानात राहिले. १९४७ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानच्या घटना समितीचे पहिले कामकाज त्यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाले. ते त्या देशाचे पहिले कायदे व मजूर मंत्री झाले. इकडे भारताचे कायदेमंत्री बाबासाहेब होते. दोन नव्या देशांचे पहिले कायदेमंत्री अस्पृश्य समाजातले असावेत, ही इतिहासातील विलक्षण गोष्ट होय.

बाबासाहेबांनी मात्र १९४७ च्या अखेरीसच पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना भारतात निघून येण्याचा सल्ला दिला होता. केवळ जीव वाचविण्यासाठी धर्म बदलू नका, असेही त्यांनी बजावले होते. १९४९ च्या डिसेंबरात खुलना भागातील नामशूद्र खेड्यांवर अत्याचार झाले. १९५० च्या फेब्रुवारीत ढाका, बारिसाल येथे दंगली पेटल्या. माणसे मारली गेली, काहींवर धर्मांतर लादले गेले. मंत्री असूनही जोगेंद्रनाथांचे कोणी ऐकेना. अखेर ते कलकत्त्यास आले आणि ८ ऑक्टोबर १९५० रोजी पंतप्रधान लियाकत अली खान यांना सविस्तर पत्र लिहून त्यांनी राजीनामा दिला.

काल कायदेमंत्री असलेला मनुष्य आज निर्वासित झाला. पाकिस्तानने त्यांना द्रोही ठरवले. कलकत्त्यातील सवर्णांनी मुसलमानी नाव चिकटवून त्यांची टर उडवली. तरी ते खचले नाहीत. निर्वासितांच्या छावण्यांतून ते हिंडले, नामशूद्रांना बंगालबाहेर दूरच्या अरण्यात धाडण्याला त्यांनी विरोध केला. निवडणुका लढवल्या, पण यश आले नाही. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी बनगाव येथे, निवडणुकीच्या धामधुमीतच, त्यांचे निधन झाले.

ज्यांच्यासाठी ते झिजले, त्यांपैकी काही कुटुंबे आपल्या महाराष्ट्रातही आली. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, आजच्या गडचिरोलीच्या चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत, त्यांनी जंगल साफ करून भातशेती उभी केली, बंगाली भाषा जपली. पण महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत नामशूद्र हे नाव नाही. पश्चिम बंगालमध्ये ज्याला सवलत आहे, त्याच्याच भावाला येथे ती नाही. राज्याची सीमा ओलांडली म्हणून त्याच्या कपाळीचे दैन्य संपले काय? हे दुःख आपण ओळखले पाहिजे. १९५६ साली आपण धर्म बदलला आणि केंद्राच्या सवलतींसाठी आपल्यालाही १९९० पर्यंत वाट पाहावी लागली.

जोगेंद्रनाथांचा अंदाज चुकला, पण त्यांची निष्ठा खोटी नव्हती. भयाने लादलेले धर्मांतर आणि विचारपूर्वक स्वीकारलेला धम्म यांत किती अंतर आहे, हे त्यांचे जीवन आणि १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस शेजारी ठेवून पाहिले की कळते. यंदा ऑक्टोबरात नागपूरची गाडी धरताना, त्याच रुळांच्या दुसऱ्या टोकाच्या या माणसाचे कृतज्ञतेने स्मरण करू या.