कुलाब्याहून कुलाब्याला

उरण तालुक्यात जासई-चिर्लेच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला काळ्या दगडाचे अप्रूप नसते. घराचे जोते त्याचे, विहिरीचा कठडा त्याचा, देवळाची पायरीही त्याचीच. गेल्या काही दशकांत तर आमच्याकडचे डोंगर फोडून त्यांची खडी झाली आणि ती रस्त्यांत, भरावांत, इमारतींच्या पायांत जाऊन बसली. पण आमच्याच जिल्ह्यात सुमारे एकशे वीस वर्षांपूर्वी एक सरकारी इमारत अशी उभी राहिली, की तिच्यात हा दगड चालणार नव्हता. लोखंडही चालणार नव्हते, मग तो खिळा असो वा बिजागरी. दगड आणला तो थेट काठेवाडातून, पोरबंदरहून, आणि तोही तपासून घेतलेला.

ती इमारत म्हणजे अलिबागची चुंबकीय वेधशाळा आणि ती उभारणारे गृहस्थ डॉ. नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस. विज्ञानाच्या इतिहासात त्यांचे नाव मानाने घेतले जाते. अलिबागला सुटीत जाणारी आपली कुटुंबे मात्र समुद्राच्या ओढीने त्यांच्या वास्तूच्या जवळून निघून जातात. म्हणून आज त्यांची ओळख.

त्यांच्या आधी मुंबईतल्या वेधशाळेची ओळख करून घ्यावी लागेल. मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन केली. हेतू व्यावहारिक होता. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ हवी आणि वेळेसाठी आकाशाचे वेध हवेत. पुढे १८४१ मध्ये एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तिथे हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. त्या सुरुवातीच्या काळात तिथे काम केलेल्यांत आपले केरो लक्ष्मण छत्रेही होते. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा पुढे पुण्यात गणिताचा नामवंत प्राध्यापक झाला आणि लोकमान्य टिळकांचा गुरू म्हणून महाराष्ट्राच्या स्मरणात राहिला.

पृथ्वी हे एक मोठे लोहचुंबक आहे, हे आपण शाळेत शिकतो. होकायंत्राचा काटा उत्तर दाखवतो तो त्यामुळे. पण हे चुंबकत्व स्थिर नसते. दिवसाच्या प्रहरांप्रमाणे ते थोडे कमीजास्त होते, सूर्यावर खळबळ झाली तर अचानक हेलकावते, आणि वर्षानुवर्षांच्या संथ गतीने दिशा व जोरही बदलत राहते. तो संथ बदल कळायचा तर एकाच जागी, एकाच पद्धतीने पिढ्यान् पिढ्या नोंदी ठेवाव्या लागतात. कुलाब्याला हे काम सुरुवातीला डोळ्यांनी चाले. टांगलेल्या चुंबकाची स्थिती माणसाने तासातासाला पाहायची आणि वहीत लिहायची, रात्रीसुद्धा. काटा अस्वस्थ झाला तर तासाची वाट न पाहता मिनिटांच्या अंतराने लिहायची. १८७२ पासून छायाचित्रणाची सोय झाली. चुंबकाला जोडलेल्या आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या कागदावर आपोआप रेघ उमटवू लागला.

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा. एडिंबरो विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेऊन ते परतले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक झाले. कुलाबा वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर १८९६ मध्ये वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. इंग्रजी अमदानीत शास्त्रीय खात्यांच्या प्रमुखपदी हिंदी माणूस बसणे किती दुर्मीळ होते, हे वेगळे सांगायला नको. १९१९ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे, ते त्या पदावर होते.

आसामचा १८९७ चा भीषण भूकंप होऊन गेल्यावर हिंदुस्थानात भूकंपमापक बसवण्याची निकड पटली आणि त्या शतकाच्या अगदी अखेरीस कुलाब्यालाही मिल्न पद्धतीचा भूकंपमापक आला. पाऊस, वारा, हवेचा दाब यांची नित्याची कामे होतीच. पण मूस यांच्या कारकिर्दीची खरी कसोटी आली ती ट्रामच्या रूपाने.

मुंबईत ट्राम १८७४ पासून होती, पण घोड्यांची. घोड्यांनी चुंबकाचे काही बिघडत नव्हते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मात्र विजेच्या ट्रामची योजना पुढे आली. या ट्रामला वीज डोक्यावरच्या तारेतून मिळते आणि रुळांतून परत जाते. पण रूळ जमिनीत गाडलेले असतात, त्यामुळे तो प्रवाह थोडाथोडा जमिनीत झिरपतो. जिथे वीज वाहते तिथे चुंबकत्व निर्माण होते. ट्राम सुटली, थांबली, वळली की वेधशाळेतला नाजूक काटा थरथरणार आणि कागदावर पृथ्वीच्या नाडीऐवजी ट्रामचे वेळापत्रक उमटणार. युरोपातल्या शहरांतल्या वेधशाळांना हा अनुभव येऊन चुकला होता.

मूस यांच्यापुढे तीन वाटा होत्या. ट्रामला विरोध करायचा, ती एक. पण लाखो लोकांच्या सोयीपुढे एका काट्याची काय मातब्बरी! नोंदी बंद करायच्या, ही दुसरी. तिसरी वाट वेधशाळा हलवण्याची. ती दिसायला सोपी आणि करायला सर्वांत कठीण होती. शहरापासून दूर, पण रोजचा कारभार मुंबईहून पाहता येईल इतकी जवळ जागा हवी होती. ती अलिबागला मिळाली, मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवर. गंमत अशी की अलिबाग हे तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. १९८१ मध्ये जिल्ह्याला रायगड हे नाव मिळेपर्यंत ते तसेच होते. म्हणजे वेधशाळा निघाली ती कुलाब्याहून कुलाब्यालाच.

आता पोरबंदरच्या दगडाचा उलगडा होईल. आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा थिजलेला लाव्हा. त्यात लोहाचे चुंबकीय खनिज असते. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीचे चुंबकत्व त्यात जणू गोठून राहते. दख्खनच्या याच दगडातले चुंबकत्व मोजून १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की तो थिजला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. जासईच्या खाणीतला दगड मुका नाही, तो अर्थ. पण जिथे पृथ्वीचा आवाज ऐकायचा तिथे भिंतीच बोलू लागल्या तर कसे चालेल? म्हणून पोरबंदरचा दगड. यंत्रांच्या खोलीत उन्हाळ्या-पावसाळ्याचा आणि दिवस-रात्रीचा उष्णतेतला फरक पोचू नये, अशीही रचना केली गेली, कारण तापमान बदलले की चुंबकही बदलतो.

१९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा तयार झाली. एखाद्या घाईच्या अधिकाऱ्याने कुलाब्याची यंत्रे बंद करून दुसऱ्या दिवसापासून अलिबागच्या नोंदी धरल्या असत्या. मूस यांनी तसे केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन जागांच्या आकड्यांत नेहमीचा फरक किती, तो कोणत्या वेळी कसा बदलतो, हे ताडून पाहिले आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली तेव्हा वेधशाळा सुखरूप पलीकडे पोचलेली होती.

या दोन वर्षांचे मोल बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला चटकन कळते. आमच्या शाखेत संगणक आला तेव्हा जुनी लेजरे लगेच मिटली नाहीत. बरेच दिवस प्रत्येक व्यवहार दोनदा होई, एकदा लेजरात आणि एकदा संगणकावर. संध्याकाळी दोन्हीकडची शिल्लक जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. तरुण मंडळी कुरकुरत, एकच काम दोनदा कशाला म्हणत. पण एखाद्या खातेदाराची तीस वर्षांची पुंजी नव्या पानावर ओढताना एका रुपयाचा जरी फरक राहिला, तरी मागची सारी वही संशयास्पद होते. मूस यांच्याकडे तर साठ वर्षांची पुंजी होती. ओढलेली शिल्लक चुकली असती तर पुढच्या अभ्यासकाला कळलेच नसते की बदल पृथ्वीत झाला की पत्त्यात.

मग त्यांनी दुसरे मोठे काम हातावेगळे केले. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या मुंबईच्या चुंबकीय नोंदी आणि त्यांची चिकित्सा त्यांनी दोन जाडजूड खंडांत १९१० मध्ये प्रसिद्ध केली. तासाला एक नोंद धरली तरी एकाच मापाच्या नोंदी सव्वापाच लाखांच्या घरात जातात. त्या काळात संगणक नव्हता. बेरजा, सरासऱ्या, पडताळण्या सगळे हाताने. या आकड्यांतून चुंबकीय वादळाचे सर्वसाधारण रूप मांडण्याचे काम त्यांनी केले. आधी काट्याला अचानक झटका बसतो आणि चुंबकत्वाचा जोर किंचित वाढतो. मग काही तास तो घसरत जातो आणि पुढे काही दिवसांत हळूहळू पूर्वपदाला येतो. या वादळांचा सिद्धांत मांडणारे सिडनी चॅपमन यांच्यासारखे पुढचे शास्त्रज्ञ ज्या पायावर उभे राहिले, त्यात मूस यांचे हे खंड आहेत. आज आपल्याला ठाऊक आहे, की सूर्यावरून आलेल्या विद्युतभारित कणांचे कडे पृथ्वीभोवती फिरू लागते, म्हणून ही घसरण होते. मूस यांच्या काळी ते कोणालाच माहीत नव्हते. कारण कळले नसतानाही नोंद चोख ठेवायची, ही शिस्त होती.

एडिंबरोच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना लाभले. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि २९ मार्च १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ट्राम त्यांच्यानंतरही धावत राहिली. ३१ मार्च १९६४ रोजी तीही मुंबईतून गेली. जिच्यासाठी वेधशाळा उठली ती गेली आणि उठलेली वेधशाळा राहिली.

त्यांच्या जन्माच्या वर्षात एक योगायोग दडलेला आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे खगोलनिरीक्षक सूर्यावरचे डाग रेखाटत असताना त्यांना तिथे डोळे दिपवणारा भडका दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ थडकले. कितीतरी ठिकाणी तारयंत्रे बिघडली, ठिणग्या उडाल्या, तारबाबूंना झटके बसले. युरोपातल्या काही ठिकाणी नोंदीची रेघ कागदाबाहेर निघून गेली. मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ होती आणि कुलाब्यात कोणी तरी डोळ्यांनी पाहून आकडे लिहीत होते. मूस यांचा जन्म त्यानंतर दोन महिन्यांच्या आत झाला.

ते आकडे जवळजवळ दीड शतक वहीत राहिले. २००३ मध्ये अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलमधील वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी त्यांच्या आधारे शोधनिबंध लिहिला. कुलाब्याला त्या दिवशी चुंबकत्वाचा आडवा जोर सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता. १३ मार्च १९८९ च्या वादळात कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास गेली, सुमारे साठ लाख लोक अंधारात राहिले. त्या वादळाची जगभराच्या सरासरीने काढलेली घसरण ६०० नॅनोटेस्लांच्याही आत होती. एका ठिकाणचा आकडा आणि जगाची सरासरी यांची तुलना जपूनच करावी, आणि मुंबईच्या घसरणीत स्थानिक कारणांचा वाटा किती यावर अभ्यासकांत आजही चर्चा आहे. पण सूर्याचा कोप किती मोठा असू शकतो, हे ताडताना जगाला मुंबईच्या वहीकडे वळावे लागते, ही गोष्ट लहान नाही. उपग्रह, विमाने, वीजवाहिन्या आणि आपल्या हातातले मोबाइल यांच्या युगात तो प्रश्न घरगुती झाला आहे. मे २०२४ मध्ये लडाखच्या आकाशात तांबडा प्रकाश दिसला, तो अशाच एका वादळाचा.

भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली आणि पुढे कुलाब्याहून नवीन पनवेलला आली, जासईहून तासाभराच्या आतच्या वाटेवर. अलिबागची वेधशाळा तिच्याच अखत्यारीत अजून नोंदी घेते आहे. मुंबईची १८४० च्या दशकातली वही आणि आजचे अलिबागचे आकडे एकाच दोरीत ओवता येतात, ते १९०४ ते १९०६ या दोन वर्षांच्या गाठीमुळे.

आमच्या भागाला उठवले जाणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. नव्या शहरासाठी शेते आणि मिठागरे गेली, आणि जानेवारी १९८४ च्या आंदोलनात जासई परिसरात पाच जणांनी प्राण दिले. आता सागरी सेतू झाला, विजेची रेल्वे उरणपर्यंत पोचली. नव्याला वाट द्यावीच लागते, मूस यांनीही दिली. मात्र निघताना त्यांनी जुन्याची मोजदाद पुरी करून घेतली, ती नव्या जागी बरोबर पोचली याची खात्री केली, आणि त्यासाठी दोन वर्षांचा दुप्पट खटाटोप पत्करला. डोंगर फुटताना, खाडी बुजताना, गाव हलताना ही मोजदाद आपण कितीदा केली?

पुढच्या वेळी अलिबागला जाल तेव्हा मुलांना समुद्रावर नेण्याआधी त्या जुन्या दगडी वास्तूकडे बोट दाखवा. आत एक काटा गेली एकशे वीस वर्षे पृथ्वीकडे लक्ष ठेवून आहे. आणि ही वास्तू आपल्या काळ्या दगडाची नाही, त्याचे कारणही त्यांना सांगा.