शिडीवरून चंबू पडला, फुटला पण विखुरला नाही... आणि गाडीची काच कायमची बदलली

किचेनला अडकवायचं ते छोटंसं हत्यार तुम्ही रील्समध्ये नक्की पाहिलं असेल. एका बाजूला सीटबेल्ट कापायचं पातं, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगचा खिळा. काचेला टेकवून दाबलं की खिळा सुटतो आणि खिडकीचा क्षणात भुगा. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत लोक बंद गाड्यांमध्ये अडकून गेले, ते आठवत असेल तर असलं काहीतरी जवळ असावं हे वेगळं सांगायला नको.

पण काही गाड्यांच्या खिडक्यांवर हे हत्यार चालतच नाही. का चालत नाही, हे समजून घ्यायला पॅरिसमधल्या एका चित्रकाराकडे जावं लागतं. हो, चित्रकारच.

त्याचं नाव एदुआर बेनेडिक्टस. जन्म १८७८ चा, पॅरिसचा. गडी एका गोष्टीत रमणारा नव्हताच. चित्रं काढायचा, कापडाची आणि गालिच्यांची डिझाइन्स करायचा, पुस्तकांच्या बांधणीचं काम करायचा, संगीतात रस होता. मोरिस रावेल या संगीतकाराच्या मित्रमंडळींचा एक कंपू होता, आपाश नावाचा, त्यातही हा होता. आणि या सगळ्यात भर म्हणून रसायनशास्त्र.

गोष्ट १९०३ ची. प्रयोगशाळेत वरच्या फळीवरचं काहीतरी काढताना त्याचा धक्का लागला आणि काचेचा चंबू खाली पडला. आवाज झाला, काच तडकली. पण उचलायला गेला तर चंबू आकारासकट जागेवर! सगळीकडे तडे, तुकडे मात्र एकमेकांना धरून बसलेले. चंबूत कधीकाळी सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण होतं. ते उडून गेलं आणि आतून एक पातळ, पारदर्शक पापुद्रा काचेला चिकटून राहिला. त्याच पापुद्र्यानं तुकडे धरून ठेवले होते.

आता गंमत बघा. हाच पदार्थ तेव्हा फोटोग्राफीत वापरत, जखमेवर लावत आणि स्फोटकांमध्येही घालत. काचेला तो असा कामाला येईल हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. बेनेडिक्टसनंही चंबूला चिठ्ठी लावली आणि तो बाजूला ठेवून दिला.

पुढचा भाग थोडा सिनेमासारखा सांगितला जातो. पॅरिसमध्ये मोटारी वाढल्या होत्या, अपघातही. साध्या काचेची पाती होऊन माणसं चिरली जायची. अशा बातम्या वाचून त्याला तो चंबू आठवला आणि दोन काचांच्या मध्ये सेल्युलोजचा थर दाबून बसवायच्या खटपटीला तो लागला. कथेत हे एका रात्रीत होतं. कागदोपत्री पेटंट १९०९ चं आहे, म्हणजे मधे सहा वर्षं गेली. तीन थर म्हणून नाव पडलं ट्रिप्लेक्स.

मोटारवाल्यांनी मात्र लगेच उचललं नाही, कारण काच महाग पडायची. तिचा पहिला मोठा वापर झाला पहिल्या महायुद्धात, गॅस मास्कच्या डोळ्यांसाठी. फोर्डच्या गाड्यांना समोरची काच अशी मिळायला १९२० चं दशक संपत आलं. बेनेडिक्टस तोवर पुन्हा कलेत बुडाला होता. १९२५ च्या पॅरिसच्या प्रसिद्ध प्रदर्शनात त्याचं काम होतं, त्याच्या नक्षींचे संग्रह निघाले. कलेच्या इतिहासात त्याचं नाव आर्ट डेको शैलीत घेतात, काचेचा उल्लेख जाता जाता. १९३० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी तो गेला. त्याचा सेल्युलोजचा थर उन्हानं पिवळा पडायचा, म्हणून पुढे त्याजागी पीव्हीबी नावाचं प्लास्टिक आलं. कल्पना तीच राहिली.

आता खिडकीकडे येऊ. बहुतेक गाड्यांच्या बाजूच्या काचा टेम्पर्ड असतात. काच तापवून झटकन गार केली की पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली राहतो. टोकदार खिळा तो तोल बिघडवतो आणि अख्खी काच बारीक दाण्यांत कोसळते. लॅमिनेटेड काच तडकते, पण मधला थर सोडत नाही. अपघातात माणूस बाहेर फेकला जाऊ नये आणि आवाज कमी यावा म्हणून आता ती बाजूच्या खिडक्यांनाही बसवतात. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१९ मध्ये अशी सहा हत्यारं तपासली. चारांनी टेम्पर्ड काच फोडली. लॅमिनेटेड एकानंही नाही.

म्हणजे बेनेडिक्टसची काच नेमकं तेच करते ज्यासाठी तिला बनवलं. तुम्ही आत अडकलाय हे तिला कुठं माहीत!

म्हणून हत्यार मागवण्याआधी गाडीपाशी जा. प्रत्येक खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत शिक्का असतो. त्यात टेम्पर्ड किंवा टफन्ड लिहिलंय की लॅमिनेटेड, ते बघा. पुढच्या दारांच्या काचा लॅमिनेटेड आणि मागच्या टेम्पर्ड असंही असू शकतं, त्यामुळे चारही तपासा. वार करायचा तो काचेच्या कोपऱ्याजवळ, मध्यभागी नाही. आणि गाडी पाण्यात गेलीच तर आधी सीटबेल्ट सोडा आणि लगेच खिडकीचं बटण दाबून बघा, पाणी काचेपर्यंत चढायच्या आत.