मनोनसाठी बारा सूर

आल्बान बेर्ग या ऑस्ट्रियन संगीतकाराचं नाव निघालं की जाणकारसुद्धा ‘अवघड बुवा’ म्हणतात. पण त्याच्या व्हायोलिन कन्चेर्टोमागे एका अठरा वर्षांच्या मुलीचं मरण आहे. ते कळलं की अवघडपणा निम्मा गळून पडतो.

बेर्ग १८८५ साली व्हिएन्नात जन्मला. सरकारी कचेरीत कारकुनी करायचा, गाणी रचायचा, पण रीतसर शिक्षण नव्हतं. १९०४ साली आर्नोल्ड शोएनबर्ग हे गुरू लाभले. पुढे याच गुरूंनी नवी पद्धत काढली. पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या मिळून बारा पट्ट्या असतात ना? आपल्याकडे ‘सा’ धरला की बाकीचे सूर त्याच्या आधारानं चालतात. युरोपातही एका सुराचं असंच राज्य होतं. शोएनबर्गनी ते संपवलं. बाराही सूर एका ठरावीक क्रमानं मांडायचे, आणि सगळे येऊन गेल्याशिवाय पहिला पुन्हा घ्यायचा नाही. ऐकणाऱ्यांना हे रुक्ष वाटायचं.

१९३५ साली लुई क्रास्नर या अमेरिकी वादकानं बेर्गकडे व्हायोलिनसाठी रचना मागितली. जर्मनीत नाझींमुळे त्याचं संगीत बंद पडलेलं, पैशांची ओढाताण. त्यानं काम घेतलं खरं, पण सुचेना.

त्याच वर्षी २२ एप्रिलला मनोन गेली. मैत्रीण आल्मा माहलर आणि वास्तुशिल्पकार ग्रोपिउस यांची ही लेक. पोलिओनं वर्षभर अंथरुणाला खिळलेली. बेर्ग आणि त्याची पत्नी हेलेन यांना मूल नव्हतं. मनोनवर दोघांचा फार जीव. (लग्नाआधी, अगदी कोवळ्या वयात, घरच्या मोलकरणीपासून बेर्गला एक मुलगी झाली होती. ती त्यानं वाढवली नाही, हेही सांगायलाच हवं.)

एरवी एकेका रचनेला वर्षं लावणारा हा माणूस आता झपाटल्यासारखा बसला. ‘लुलू’ हा ऑपेरा बाजूला ठेवला आणि ११ ऑगस्टला कन्चेर्टो पुरा केला. गुरूंचा नियम त्यानं पाळला, पण बारा सुरांचा क्रम असा लावला की व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारा त्यात आल्या, कानाला ओळखीचे गोड मेळही आले. शेवटचे चार सूर तर बाखनं बांधलेल्या, मरणाला सामोरं जाणाऱ्या एका प्रार्थनेच्या सुरुवातीशी जुळतात. ती प्रार्थना त्यानं शेवटाकडे सरळ वाजवायलाच घेतली. मध्ये एक खेडवळ लोकगीतही डोकावतं. नियमातून मायाही व्यक्त करता येते, हे मला इथं पटलं. अर्पणपत्रिकेत त्यानं मनोनला देवदूत म्हटलं.

त्याच उन्हाळ्यात त्याला एक कीटक चावला. गळू झालं, विष रक्तात भिनलं आणि २४ डिसेंबरला, पन्नासाव्या वर्षी, तो गेला. ‘लुलू’ अपुराच राहिला.

१९ एप्रिल १९३६ रोजी बार्सिलोनात क्रास्नरनं कन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला. मनोनला जाऊन वर्ष होत आलं होतं. रचनेच्या अखेरीस व्हायोलिन वर चढत एका उंच सुरावर थांबतं, आणि खाली वाद्यवृंदात सुरुवातीचे मोकळ्या तारांचे सूर हळूहळू विरत जातात.