शब्द वेंचणारा शिपाई : जेम्स टॉमस मोल्सवर्थ

जात्यावर बसलेली बाई, नांगर धरलेला कुणबी आणि रंधा मारणारा सुतार ह्यांच्या तोंडचे शब्द कोशांत लिहून ठेवण्याजोगे आहेत, असें दोनशें वर्षांपूर्वीं फार थोड्यांस वाटे. ज्यांस तें वाटलें, त्यांपैकीं एक परदेशी शिपाई होता.

जेम्स टॉमस मोल्सवर्थ ह्यांचा जन्म इ. स. १७९५ त झाला. ते ऐन तारुण्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यांतील सैन्यांत अंमलदार होऊन आले. येथें त्यांस मराठीची गोडी लागली व ते शब्द टिपूं लागले. पुढें सरकारानें ह्या कामास आश्रय दिला. जॉर्ज व टॉमस कँडी हे बंधु आणि कित्येक विद्वान ब्राह्मण ह्यांच्या साहाय्यानें इ. स. १८३१ त त्यांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईस छापून निघाला. त्यांत सुमारें ४०,००० शब्द होते.

ह्या कोशांत केवळ अर्थ देऊन काम संपविलें नाहीं. शब्द संस्कृतांतला कीं अरबी-फारसींतला, नित्य वापरांतला कीं क्वचित् आढळणारा, हेंही सांगितलें आहे. शिवाय म्हणी व बोलण्याच्या तऱ्हा दिल्या आहेत. क्षमा हा शब्द आपणांस संस्कृतानें दिला, जमीन फारसीनें, तर गरीब अरबीनें. तरी आज हे तिन्ही आपल्या घरचेच झाले आहेत.

प्रकृति ढासळल्यामुळें मोल्सवर्थ इ. स. १८३६ त स्वदेशीं गेले. त्यांनीं आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी ह्यांनीं इ. स. १८४७ त पुरा केला. शस्त्र धरण्याचा धंदा ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाहीं, असें मोल्सवर्थ ह्यांच्या विवेकास पटलें होतें. म्हणून त्यांनीं हुद्दा सोडला व पेन्शनही घेतलें नाहीं. पोटाची सोय सोडणें सोपें नसतें. पण त्यांनीं तें केलें.

तथापि मराठीची सेवा त्यांनीं सोडली नाहीं. ते इ. स. १८५१ त परत आले, आणि इ. स. १८५७ त सुमारें ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ति निघाली. तिला डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं मराठी भाषेविषयीं टिपणें जोडलीं. आपले बाबा पदमनजी ह्यांनीं इ. स. १८६३ त ह्याच कोशाचा संक्षेप केला. इ. स. १९७५ त, म्हणजे शतकाहून अधिक काळानें, मूळ कोश पुण्यास पुन्हां छापला गेला.

शिक्षकबंधूंनो, ह्या चरित्रांत आपणांस धडा आहे. अवघड शब्दांनीं उपदेश भारदस्त होतो असें आपणांस वाटतें, आणि मागें बसलेली म्हातारी कांहीं न समजतां घरीं जाते. मोल्सवर्थ आधीं ऐकत, मग लिहीत. आणि आपली बोली गांवढळ म्हणून जो लाजतो त्यानें हें ध्यानांत धरावें कीं, त्या मोठ्या ग्रंथांत शेतकऱ्याचा शब्द शास्त्र्याच्या शब्दाशेजारीं, एकाच पानावर, बसला आहे.