हजेरी बंद करणारा राजा

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एका मुलाचा पेन हरवला. कोणी काही बोलण्याआधीच साऱ्या वर्गाच्या नजरा शेवटच्या रांगेत बसलेल्या पारध्याच्या पोराकडे वळल्या. त्यांत आपल्या बौद्ध वस्तीतली मुलेही होती. खरे सांगायचे तर माझीही नजर तिकडेच गेली. पेन काही सापडला नाही. तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवसापासून शाळेत येईनासा झाला. त्या दिवसापासून छत्रपती शाहू महाराजांचे चरित्र या एका अंगाने वाचकबंधूंपुढे व भगिनींपुढे मांडावे, असे मनात होते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण झाल्यावर २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

तो काळ कसा होता ते पाहा. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. १८७६ साली इटलीतील लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरने ग्रंथ लिहून असे मांडले की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात आणि कवटी, जबडा, कान यांवरून ती ओळखता येतात. पुढे १९१३ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३००० कैद्यांची मापे तपासून हे म्हणणे खोडून काढले. आपल्या देशात मापे घेण्याचीही कोणाला गरज वाटली नाही. जात विचारली की काम भागत असे.

कोल्हापूर संस्थानातही हजेरीची पद्धत होती. महार, मांग, रामोशी आणि बेरड या जातींच्या माणसांना, अंगावर कोणताही गुन्हा नसताना, सरकारी हजेरी द्यावी लागे. नवदीक्षित कुटुंबांनी या यादीतले पहिले नाव पुन्हा एकदा वाचावे. आज आपण ज्या नजरेने पारध्याकडे पाहतो, त्या नजरेखाली आपलेच आजे-पणजे उभे होते.

महाराजांना शिकारीचा मोठा नाद होता, रानावनात फिरणाऱ्या माणसांशी त्यांची ओळख होती. फासेपारध्यांचे नाव तेव्हा चोर म्हणूनच घेतले जाई. महाराजांनी त्यांना जवळ केले, राहायला जागा दिली, हाताला काम दिले, आणि काहींना तर पहाऱ्यावर नेमले. ज्याच्यापासून घर राखायचे, त्यालाच राखणदार केले! दरबारी मंडळींना हे रुचले नसेल, यात नवल नाही. पण पोट भरण्याची वाट मोकळी झाली की माणूस बदलतो, हे महाराजांनी हिशेबात धरले होते.

१९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१८ साली त्या चारही जातींची हजेरी बंद केली. शिक्षक म्हणून मला हे दोन हुकूम एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. बापाची हजेरी थांबली आणि पोराची शाळेत लागू लागली.

आजचे मानसशास्त्र स्वभावाचा व गुन्ह्याचा संबंध अगदीच नाकारत नाही. उतावळेपणा, मनावर ताबा नसणे, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव नसणे, हे ज्यांच्यात फार असते त्यांच्या हातून गुन्हा घडण्याचा संभव वाढतो. परंतु हे स्वभाव एकेका माणसाचे असतात. ते सर्व जातींत आढळतात, आणि घर, संगत, वाढते वय यांनी बदलतात. विहारात अंगुलिमालाची कथा ऐकणाऱ्यांना हे नवे वाटू नये.

मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, हे सर्वांना ठाऊक आहेच. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. इंग्रजांचा तो कायदा देशभरातून उठायला मात्र ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला.

तो मुलगा आठ दिवसांनी परत आला. त्यासाठी मला त्यांच्या बेड्यावर दोनदा जावे लागले. पहिल्या खेपेला मला पाहून तो झोपडीमागे लपला होता.