अनाथ मुलांचा पिता: संत जॉन बॉस्को



ज्युबिली हा प्रभूचे उपकार आठवण्याचा काळ, तसाच आपल्या कर्तव्याचा हिशेब पाहण्याचाही काळ आहे. देऊळ उभें राहिलें, घंटा वाजूं लागली, सण थाटानें साजरे होऊं लागले, एवढ्यानें धर्मग्रामाचें काम पुरें होत नाहीं. देवळाच्या दाराबाहेर घुटमळणाऱ्या मुलाला आंत कोणी बोलावलें काय, हा प्रश्न उरतोच. ज्या धर्मगुरूंनीं आपलें अवघें आयुष्य ह्या एका प्रश्नाचें उत्तर देण्यांत वेंचिलें, त्या संत जॉन बॉस्को ह्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

त्यांचा जन्म ता. १६ ऑगस्ट १८१५ रोजीं उत्तर इटलीच्या पिडमाँट प्रांतांत, बेक्की नांवाच्या लहानशा वाडींत, एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं झाला. दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंतच बाळ जॉनचें पितृछत्र हरपलें. माता मार्गरिता हिला लिहितां वाचतां येत नव्हतें. परंतु ती मोठी भाविक व खंबीर स्त्री होती. नवव्या वर्षाच्या सुमारास जॉनला एक स्वप्न पडलें. भांडणाऱ्या व शिवीगाळ करणाऱ्या मुलांच्या घोळक्यांत तो मुठी आवळून शिरला असतां, ह्या मुलांना मारानें नव्हे तर मायेनें जिंकावें अशी आज्ञा त्यास झाली. तें स्वप्न तो जन्मभर विसरला नाहीं. जत्रेंतील खेळ पाहून तो दोरीवर चालावयास व कोलांट्या उड्या मारावयास शिकला. आणि खेळ पाहण्यास जमलेल्या मंडळींकडून आधीं पवित्र जपमाळ म्हणवून घेऊं लागला. सावत्र भावाला त्याचें शिक्षण खपत नव्हतें, म्हणून कांहीं काळ त्याला परक्याच्या शेतावर गडी म्हणून राबावें लागलें. पुढें शिंप्याच्या हाताखालीं व किएरी येथें कॉफीच्या दुकानांत काम करून त्यानें शिक्षण चालविलें. ता. ५ जून १८४१ रोजीं त्याची याजकपदाची दीक्षा झाली.

त्या काळीं ट्यूरिन शहर झपाट्यानें वाढत होतें. खेड्यांतून पोटाकरितां आलेलीं मुलें गवंड्यांच्या हाताखालीं चुना वाहत, धुराडीं साफ करीत, आणि रात्रीं जागा मिळेल तेथें पडून राहत. फादर कफास्सो ह्या पुण्यशील गुरूंबरोबर फादर बॉस्को तुरुंगांत जाऊं लागले, तेव्हां कोवळ्या वयाचीं मुलें गजांआड पाहून त्यांचें अंतःकरण कळवळलें. सुटून गेलेलीं कित्येक मुलें पुन्हा तेथेंच येत, कारण बाहेर त्यांची विचारपूस करणारें कोणी नव्हतें.

ता. ८ डिसेंबर १८४१, निष्कलंक गर्भसंभव मरियेच्या सणाचा दिवस. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या देवळांत मिस्साचीं वस्त्रें चढविण्याच्या खोलींत एक दरिद्री मुलगा डोकावला. त्याला मिस्साची सेवा करतां येत नाहीं असें पाहून देवळाच्या चाकरानें त्याला काठीनें मारून हांकलून लावलें. फादर बॉस्को ह्यांनीं तो आपला मित्र आहे असें सांगून त्याला परत बोलाविलें. बार्तोलोमेओ गारेल्ली हें त्याचें नांव. वय सोळा वर्षांचें, आईबाप वारलेले, अक्षरओळख नाहीं, पहिला ख्रिस्तप्रसादही झालेला नाहीं. फादरांनीं गुडघे टेकून नमो मरिया म्हटली व त्याला क्रुसाची खूण करावयास शिकविलें. दुसऱ्या रविवारीं तो आपल्या सोबत्यांना घेऊन आला. एका प्रचंड कार्याचा आरंभ एवढाच होता.

मुलांची संख्या शेंकडोंवर गेली. पण त्यांना जागा देण्यास कोणी तयार होईना. गोंगाटाची तक्रार होई आणि बिऱ्हाड हलवावें लागे. फादरांना वेड लागलें आहे असें त्यांच्या स्नेह्यांनाही वाटूं लागलें. अखेर १८४६ सालच्या ईस्टरला वाल्डोक्को भागांतील एक ठेंगणी पडवी त्यांना भाड्यानें मिळाली. त्याच वर्षीं ते मरणोन्मुख झाले असतां गवंडीकाम करणाऱ्या मुलांनीं उपवास धरून त्यांच्यासाठीं प्रार्थना केल्या, आणि प्रभूनें त्या ऐकिल्या.

बरे झाल्यावर ते वृद्ध मातेला घेऊन पायींच शहरांत परतले. त्या माउलीनें आपल्या लग्नांतील वस्त्रें व दागिने ह्या कार्यीं वाहिले आणि दहा वर्षें मुलांचें रांधणें, शिवणें, धुणें केलें. रात्रीपुरतीं आसऱ्यास घेतलेलीं कांहीं मुलें एकदां पांघरुणें घेऊन पसार झालीं. दुसरा कोणी असता तर त्यानें दार कायमचें लावून घेतलें असतें. परंतु १८४७ सालीं पावसांत भिजलेला एक अनाथ मुलगा दारीं आला, तेव्हां मायलेंकरांनीं त्याला घरांत घेतलें. तोच त्यांच्या वसतिगृहाचा पहिला मुलगा.

केवळ भाकर देऊन फादर बॉस्को थांबले नाहींत, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. दिवसभर राबणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं रात्रीच्या शाळा उघडल्या. मुलांना कामावर ठेवणाऱ्या कारागिरांशीं ते लेखी करार करूं लागले. १८५२ सालच्या अशा एका करारांत सुताराला अटी घातल्या होत्या, कीं मुलाला शब्दांनींच सुधारावें, मारूं नये, आणि रविवारीं मोकळीक द्यावी. १८५३ पासून त्यांनीं स्वतःच जोडे शिवण्याचे व शिंपीकामाचे वर्ग काढले. मागाहून पुस्तकबांधणी, सुतारकाम व छपाई हीं कामें आलीं. १८५४ च्या पटकींत त्यांच्या मुलांनीं रोग्यांची शुश्रूषा केली. ज्यांना जगानें टाकाऊ ठरविलें होतें, त्यांनींच जगाची सेवा केली.

विवेक, धर्म आणि माया ह्या तीन गोष्टींवर त्यांची शिक्षणपद्धति उभी होती. हें कार्य पुढें चालावें म्हणून १८५९ सालीं त्यांनीं संत फ्रान्सिस द सेल्सच्या नांवानें सलेशियन संघ, व १८७२ सालीं मारिया माझ्झारेल्लोच्या साह्यानें धर्मभगिनींचा संघ स्थापिला. १८७५ सालीं त्यांचे पहिले मिशनरी आर्जेंटिनास गेले. ता. ३१ जानेवारी १८८८ रोजीं त्यांनीं देह ठेविला. तरुणपणीं त्यांना प्रत्यक्ष भेटलेले पोप अकरावे पायस ह्यांनीं १९३४ सालच्या ईस्टरच्या दिवशीं त्यांना संतपद दिलें. त्यांचे पुत्र १९०६ सालीं तंजावरास उतरले; आणि मुंबईंत माटुंग्याची त्यांच्या नांवाची शाळा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे.

हें चरित्र लिहितांना आम्हांस स्वतःची लाज वाटली, हें येथें कबूल केलें पाहिजे. मिस्साच्या घाईंत आम्हीही कित्येकदां मुलांवर ओरडलों. त्यांतील एखादें पुन्हा देवळांत दिसलें नसेल, तर तो दोष आमचा. चाकराच्या हातांत काठी होती, आमच्या जिभेवर ती असते. आमच्याच आळींत शाळा सुटलेलीं, नाक्यावर दिवस काढणारीं मुलें आहेत. त्यांपैकीं किती जणांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत? एकाची फी, दुसऱ्याला संध्याकाळची शिकवणी, तिसऱ्याला एखादा हुन्नर, इतकें देण्याची ऐपत ह्या धर्मग्रामांत खचित आहे. ज्युबिलीचें तोरण उतरल्यावरही तें देणें चालूं राहिलें पाहिजे.

संत जॉन बॉस्को ह्यांच्या विनवणीनें प्रभु येशू आपणां सर्वांस पित्याचें अंतःकरण देवो, आणि ख्रिस्ती जनांची साह्यकारिणी पवित्र मरिया आपल्या लेंकरांना पदराखालीं घेवो. आमेन.