नाकाहामा मांजिरो : शिक्षणाने मिळवलेले आडनाव

जपानच्या तोसा प्रांतात १८२७ साली एका गरीब कोळ्याच्या घरी मांजिरोचा जन्म झाला. सामान्य माणसाला तेव्हा आडनाव लावण्याचा अधिकार नव्हता. १८४१ मध्ये वादळात होडी भरकटली आणि चौदा वर्षांचा मांजिरो चार सोबत्यांसह तोरिशिमा या निर्जन बेटावर अडकला. अमेरिकन कप्तान व्हिटफिल्ड यांनी त्यांना वाचवले व मांजिरोला आपल्या फेअरहेवन गावी नेले. तेथील चर्चने त्याला कुटुंबाच्या बाकावर बसू दिले नाही. व्हिटफिल्ड यांनी मुलाला सोडले नाही, चर्च सोडले. मंदिराची बंद दारे पाहिलेल्या आम्हा लोकांना या कृतीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

तेथे नौकानयन शिकून मांजिरो १८५१ मध्ये मायदेशी परतले. देश सोडणाऱ्याला तेव्हा मृत्युदंडाचा कायदा होता. त्यांची अनेक महिने चौकशी झाली. १८५३ मध्ये अमेरिकन युद्धनौका आल्या आणि त्याच सत्तेला त्यांच्या ज्ञानाची गरज पडली. त्यांना सामुराईचा दर्जा आणि नाकाहामा हे आडनाव मिळाले. तरीही संशयापोटी वाटाघाटींत त्यांना दुभाषी होऊ दिले नाही. त्यांनी इंग्रजी व नौकानयन शिकवत पिढी घडवली. १८९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

जन्माने नाकारलेले त्यांनी विद्येने मिळवले. आमच्या मुलांनी हे नाव लक्षात ठेवावे.